दुष्काळातील देव आणि बागलाणची माणसे

श्रीविठ्ठल-रुखमाईच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात आहे, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. ज्यांनी हजारांनी दिले त्यांचे आभार आहेतच. पण ज्यांनी आठवड्याच्या मजुरीतून दहा-वीस रुपये बाजूला काढून दिले, त्यांचे ऋण अधिक आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत इतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी मंडळींची इच्छा झाली. देवळाच्या दगडविटांचा इतिहास इतरत्र येईलच. म्हणून येथे वेगळा विषय घेतो. देव देईल, असे म्हणत आपली माणसे दुष्काळातून कशी तरून गेली, हा तो विषय.

हा विषय घेण्याचे कारण आहे. कोठेही देवळाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली, की एक प्रश्न हमखास निघतो. पाऊस नाही, विहिरी तळाला गेल्या, कांद्याला भाव नाही, सोसायटीचे कर्ज डोक्यावर. अशा वेळी देवळाला पैसा कशाला? विचारणारा नास्तिक असतो असे नाही. पुष्कळदा तो नित्यनेमाने काकड्याला येणारा असतो. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रागाने देऊन चालणार नाही. ते उत्तर आपल्या संतांच्या आणि आपल्याच मुलखाच्या इतिहासात आहे.

पहिली कथा मंगळवेढ्याची. आपण ती कीर्तनातून कितीदा तरी ऐकली आहे. पंधराव्या शतकात, बिदरच्या बहमनी राजवटीत, दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे कारभारी होते. सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून रस्त्यात पडू लागली. दामाजीपंतांनी राजाची परवानगी न घेता कोठारे उघडली आणि धान्य वाटून टाकले. बिदरहून पकडण्याचा हुकूम सुटला. पुढे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, बिदरच्या दरबारात जाऊन धान्याचे मोल मोजून दिले आणि पावती घेतली, असे परंपरा सांगते. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा विस्ताराने आली आहे.

या कथेतील दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. एक, देवाने पैसे भरले ते नंतर. कोठाराला हात घातला तेव्हा दामाजीपंतांजवळ कोणतीही पावती नव्हती. त्यांच्यापुढे भुकेली माणसे होती आणि मागे राजाचा दंड होता. देव देईल असे ते म्हणाले असतील, तर ते किल्ली हातात घेऊन म्हणाले. दुसरी गोष्ट, देवाने रूप घेतले ते कोणाचे? गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचे. ज्याला देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याच्या रूपात देव दरबारात गेला, हे आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके भक्तीने ऐकले; पण ऐकून दार उघडायला फार वेळ लावला. आपल्याच जिल्ह्यात, नाशिकला, काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. नवे देऊळ बांधताना ही आठवण पुसून चालणार नाही. आपल्या मंदिराच्या दारातून गावातील प्रत्येक घर सारख्याच हक्काने आत येईल, तरच दामाजीपंतांची कथा त्या मंडपात सांगण्याचा अधिकार आपल्याला राहील.

दुसरी कथा मंगळवेढ्याइतकी लांबची नाही. ती आपल्या शेजारची, सटाण्याची आहे. यशवंत महादेव भोसेकर हे नाव उच्चारले तर आजच्या मुलांना कदाचित ओळख पटणार नाही. पण देव मामलेदार म्हटले की कळवण-बागलाणातील लहान पोरही हात जोडते. घराणे मूळचे पंढरपूरकडील भोसे गावचे. जन्म १८१५ सालचा. लहान वयात कारकून म्हणून इंग्रज सरकारच्या नोकरीत शिरले आणि चढत चढत मामलेदार झाले. खानदेशात ठिकठिकाणी नोकरी करून शेवटी ते सटाण्यास आले. मामलेदार म्हणजे त्या काळी तालुक्याचा राजाच. वसुली त्याची, खजिना त्याच्या ताब्यात, आणि शिपाई त्याच्या हुकमात. अशा खुर्चीवर बसलेल्या या गृहस्थाचे घर मात्र सदैव अतिथी-अभ्यागतांनी भरलेले असे आणि पगार महिना संपण्यापूर्वीच गोरगरिबांत संपलेला असे.

१८७०-७१ च्या सुमारास बागलाणात दुष्काळ पडला. मामलेदारांनी आधी घरातले दिले. भांडीकुंडी, दागिने, जे होते ते गेले. तरी कचेरीपुढची रांग संपेना. तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडला आणि एक लाख सत्तावीस हजार रुपये दुष्काळपीडितांना वाटले, असा आकडा भाविक मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. वरिष्ठांकडे बातमी गेली, तपासणीला साहेब आला, खजिना मोजला, आणि रक्कम पैन्‌पै बरोबर भरली, असे परंपरा सांगते. तेव्हापासून मामलेदारांना लोक ‘देव’ म्हणू लागले. १८८७ च्या डिसेंबरात, मार्गशीर्ष वद्य एकादशीस, नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. गोदाकाठी त्यांची समाधी आहे आणि सटाण्यास त्यांचे मंदिर आहे. त्या एकादशीला सटाण्यात रथ निघतो, यात्रा भरते, आणि आपल्या गावातूनही माणसे जातात.

खजिना कसा भरला, हा श्रद्धेचा विषय आहे. त्यावर वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. पण तो रिकामा कसा झाला, याकडे आपण नीट पाहत नाही. इंग्रजी अंमल होता. सरकारी पैशाला विनाहुकूम हात लावणे म्हणजे नोकरी, अब्रू आणि बहुधा स्वातंत्र्यही घालवणे. हे सारे त्या गृहस्थाला ठाऊक होते. चाळीस वर्षे त्याने हिशेबाची वहीच लिहिली होती. तरी त्याने किल्ली फिरवली. ती फिरवताना तिजोरी पुन्हा भरेल अशी हमी त्याला कोणी दिलेली नव्हती. त्या एका क्षणात जी श्रद्धा होती, तिचे मोल तिजोरी भरल्याच्या चमत्काराहून कमी नाही, असे मला नम्रपणे वाटते.

आता तिसरी कथा; आणि हीच सर्वांत कठीण आहे. वरील दोन्ही कथांत देवाने शेवटी हिशेब भरून दिला. पण भरून दिला नाही तर? इ. स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनवर महादुष्काळ कोसळला. शहाजहान बादशहा त्या वेळी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याच्याच दरबारी इतिहासकाराने त्या उपासमारीचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते वाचवत नाही. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणाऱ्या पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानेही वाटेवरची ओस गावे आणि प्रेते पाहून तसेच लिहिले. आपला बागलाण त्या वेळी मुल्हेरच्या राठोड राजांकडे होता, तो पुढे १६३८ साली मोगलांनी घेतला.

त्याच दुष्काळात इंद्रायणीकाठी देहू गावात एका सुखवस्तू वाण्याच्या घराची राखरांगोळी झाली. ते घर तुकोबांचे. आई-वडील आधीच गेले होते, थोरला भाऊ घर सोडून गेला होता. दुष्काळात व्यापार बसला, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नान्न करीत गेली, पाठोपाठ मुलगा संतू गेला. देहूला कोणी विठू पैशांची थैली घेऊन आला नाही. कोणी पावती आणली नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी होती, त्या घरात हे घडले. देव भक्ताला उपाशी मरू देत नाही, असे जे सहज बोलून जातात, त्यांनी देहूच्या त्या घराकडे पाहावे. रखुमाबाईची भक्ती कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मग तुकोबांनी काय केले? येथेच आपल्या आजच्या समारंभाचा आणि या इतिहासाचा धागा जुळतो. त्यांनी दोन गोष्टी केल्या. घराण्याचे पूर्वापार चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते त्यांनी दुरुस्त केले. स्वतःचे घर बसलेले असताना या माणसाने देवाचे घर उभे केले. आणि दुसरी गोष्ट, सावकारीची जी खतपत्रे घरात होती, त्यांतील धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा हिस्सा त्याला देऊन आपल्या वाट्याची सारी खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. दुष्काळात पिचलेली जी कुळे तुकोबांची देणेकरी होती, ती त्या दिवशी मोकळी झाली.

या दोन गोष्टी एकत्रच पाहिल्या पाहिजेत. नुसते देऊळ बांधले असते आणि खते जपून ठेवली असती, तर तुकोबा एक श्रद्धाळू सावकार म्हणून संपले असते. देवाने आपल्याला काय दिले, याचा हिशेब त्यांनी मागितला नाही; आणि लोकांनी आपले काय देणे आहे, याचा हिशेब फाडून टाकला. देव देईल यावर विश्वास असल्याखेरीज हातातले असे सोडता येत नाही. देवळाला पैसा कशाला, या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते. जे देऊळ उभे राहताना माणसाच्या मानेवरचा भार थोडा उतरतो, त्याला जरूर पैसा द्यावा. तसे होत नसेल तर विचारणाऱ्याचा प्रश्न खरा आहे. गाडगेबाबांनीही आयुष्यभर दुसरे काय सांगितले? त्यांनी देवळे बांधली नाहीत. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या, भुकेल्यांना जेवू घातले, आणि तरी मुखी सतत गोपालाचा गजर ठेवला.

हे झाले थोरांचे. पण सामान्य माणसाच्या हाती ना कोठार, ना खजिना, ना सावकारीची खते. त्याने काय करावे? याचेही उत्तर आपल्या मुलखाने दिलेले आहे, आणि ते पाण्यात आहे.

सह्याद्रीच्या रांगेतून निघून गिरणामाई आपल्या तालुक्यातून वाहते. गिरणा, आरम, मोसम, पांझरा या नद्यांवर काही शतकांपासून आपल्या पूर्वजांनी दगडी बंधारे घातले आणि पाटाने पाणी शेतात खेळवले. हीच फड बागायत. तिचा नियम मोठा शहाणपणाचा होता. पाटाखालची सारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, तिसऱ्यात भुसार, अशी आलटून पालटून व्यवस्था. आणि प्रत्येक कुणब्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी आले की एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. त्यामुळे पाटाच्या तोंडावरचा श्रीमंत आणि शेपटाकडचा भिकारी, असे होत नसे. तूट आली तर ती सगळ्यांच्या ताटात थोडी थोडी येई. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. त्यांना धान्यात मोबदला. पाट साफ करायला सर्वांनी अंगमेहनतीने यायचे. पाऊस पाडणे देवाच्या हाती, पण पडलेले पाणी वाटणे आपल्या हाती, हे या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना पक्के कळले होते.

पश्चिमेकडे डोंगरपट्ट्यात आपले कोकणा आणि भिल्ल बांधव राहतात. मार्गशीर्षात ते डोंगऱ्या देवाचा उत्सव मांडतात. धान्याला ते कणसरी माता म्हणतात. धान्यालाच देवी मानणारा माणूस ते पायाखाली सांडत नाही. त्यांची नागली वर्षानुवर्षे किडीवाचून टिकते. म्हणून सुगीची नागली कणगीत राखून ठेवायची, ती वाईट वर्षासाठी. तीही संपली तर मोहाची फुले आहेत, रानातले कडूकंद आहेत. काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यातला कडूपणा काढायचा आणि पोरांना घालायचे. रान ही त्यांची देवाने दिलेली कोठी. ती उघडण्याचे ज्ञान आजीकडून नातीकडे येत राहिले.

पुढे इंग्रजी अंमलात मोठे दुष्काळ एकामागून एक आले. १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा, आणि १८९९-१९०० चा, ज्याला गुजरात-खानदेशाकडे संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात गिरणेवर चणकापूरचे धरण झाले. आज त्या पाण्यावर आपली शेते उभी आहेत. पण ते पाणी पिताना त्याआधी तहानेने गेलेली पिढी आठवली पाहिजे.

आणि १९७२. हा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. लागोपाठ पावसाने दगा दिला. महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर राबत होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. ज्या बायका कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्यांनी डोक्यावर पाटी घेतली. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. त्या वर्षी लोक देवाला विसरले का? उलट खडीवरून आलेली माणसे हातपाय धुऊन रात्री भजनाला बसत, अशा आठवणी गावोगावी निघतात. पण सकाळी कुदळ खांद्यावर घेऊनच निघत. या काळातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर सुरू झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशभरासाठी झालेल्या रोजगाराच्या कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. भुकेल्याला भीक देऊ नये, हक्काचे काम द्यावे, ही गोष्ट आपल्या मातीने दुष्काळात शिकून देशाला शिकवली.

आता शेवटचे, आणि जरा अवघड बोलायचे. आजची टंचाई वेगळी आहे. अन्नावाचून कोणी रस्त्यात पडत नाही. पण बोअर आटते, अवकाळी पावसात आणि गारपिटीत द्राक्षे-डाळिंबे झडतात, चाळीतला कांदा सडतो, आणि कर्जाचा आकडा वहीत वाढत जातो. पूर्वीचा दुष्काळ साऱ्या गावावर एकदम येई; आजचा दुष्काळ एकेका घरात गुपचूप येतो. शेजारच्या घरात दिवा जळत असतो, पण आतला माणूस खचलेला असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. अशा माणसाला ‘देवावर भरवसा ठेव’ एवढेच सांगून आपण पुढे गेलो, तर ते बोलणे पोकळ आहे. दामाजीपंतांनी कोणाला तसे सांगितले नाही, देव मामलेदारांनी सांगितले नाही, तुकोबांनी तर मुळीच नाही. त्यांनी आधी हात पुढे केला.

म्हणून या शुभप्रसंगी गावकऱ्यांपुढे आणि देणगीदारांपुढे हात जोडून एक विनंती मांडतो. नव्या मंडपाच्या एका कोपऱ्यात एक कोठी असावी. सुगीला प्रत्येक घराने तीत पायलीभर धान्य टाकावे. ज्याला तेवढेही जमत नसेल त्याने ओंजळभर टाकावे. अडलेल्या घराने न्यावे; कोणी नेले याची पाटी लागू नये, वहीत नाव चढू नये. एकादशीला भजन आटोपल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि एवढेच विचारावे, की आज कोण आले नाही, आणि का आले नाही. आणि आपल्यापैकी ज्याचे देणे दुसऱ्यावर आहे, त्याने वाईट वर्षी तगादा लावण्यापूर्वी एकदा इंद्रायणीचा डोह आठवावा.

मंदिराचा कळस चढेल तेव्हा तो उन्हात झळकताना दुरून दिसेल. त्याच्या खालची कोठी दिसणार नाही. पण विटेवरच्या सावळ्या मूर्तीला ती दिसेल, आणि ती रिकामी आहे की भरलेली, हेही दिसेल. ती कधी रिकामी न राहो, आणि भरण्याची बुद्धी आपल्या मुलाबाळांनाही होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

पुंडलिक वरदा हारी विठ्ठल!